रोज एक चित्र : शिक्षकाने स्वतः करावयाचा एक महिन्याचा अभ्यास

प्राथमिक शाळेत मुलांच्या चित्रकलेच्या वह्या उघडून पाहिल्या, तर एक चित्र बहुतेक वह्यांत हमखास आढळते. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून डोकावणारा अर्धा सूर्य, डोंगरातून उतरणारी नदी, काठावर कौलारू घर, घरामागे नारळाचे झाड आणि आकाशात उघड्या चिमट्यासारखे चार पक्षी. चित्र नीटनेटके असते, रंगही रेषेबाहेर गेलेला नसतो. तथापि ते पाहून समाधान होत नाही. कारण हे चित्र काढणारे मूल विष्णुपुरीचे किंवा आसपासच्या एखाद्या गावचे असते. त्याच्या गावाला नदी आहे, आणि ती गोदावरी आहे. ती डोंगरातून उड्या घेत येत नाही. काळ्या मातीच्या सपाट मुलखातून संथपणे वाहते आणि विष्णुपुरीस बंधाऱ्याशी येऊन थांबते. गावात कौलारू घर क्वचित, नारळ त्याहून क्वचित. जुनी घरे माळवदाची, नवी पत्र्याची किंवा स्लॅबची. म्हणजे जे रोज डोळ्यांपुढे आहे ते वहीत नाही, आणि जे कधी पाहिले नाही ते मात्र घोटून घोटून पाठ झाले आहे.

हे चित्र मुलांना कोणी शिकविले, असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. ते आपणास आपल्या गुरुजींनी फळ्यावर काढून दाखविले, त्यांना त्यांच्या गुरुजींनी. पिढ्यान्‌पिढ्या ते पाढ्यासारखे चालत आले आहे. विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. मूल हेच चित्र पुनःपुन्हा का काढते? आणि शिक्षक दुसरे चित्र का दाखवीत नाही?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शाळाभेटीच्या वेळी मला अनेकदा ऐकावयास मिळते. "आमच्या शाळेत चित्रकला येणारं कोणी नाही, साहेब." गमतीची गोष्ट अशी की, हे सांगणाऱ्या गुरुजींच्या मागे फळ्यावर त्यांच्याच हातचा सुविचार लिहिलेला असतो, आणि त्यातील अक्षरांची वळणे, वेलांट्यांचा डौल, मात्रांचे तिरपे फटकारे पाहून एखाद्या चित्रकारानेही क्षणभर थांबावे. सरळ उभी रेघ, मोजके अंतर, एका दमात फिरणारी गोलाई हे चित्रास लागणारे सारे कसब त्या हातात असते. नसतो तो धीर. हा धीर केव्हा आणि कसा गेला, हे समजून घेतल्यावाचून त्यावरील उपाय सापडावयाचा नाही.

व्हिक्टर लोवेनफेल्ड हे मूळचे ऑस्ट्रियातील कलाशिक्षक पुढे अमेरिकेत जाऊन स्थायिक झाले. १९४७ साली त्यांनी मुलांच्या चित्रांचा विकास कसा होतो यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि तो पुढे अनेक देशांतील अध्यापक विद्यालयांतून अभ्यासला गेला. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा : दोन ते चार वर्षांचे मूल रेघोट्या ओढते. चार ते सात या वयात त्या रेघोट्यांतून त्याला आकार सापडू लागतात. माणूस म्हणजे एक मोठे डोके आणि त्यालाच फुटलेले हातपाय. सात ते नऊ या वयात प्रत्येक वस्तूसाठी त्याची एक ठरलेली आकृती तयार होते, आणि सारी चित्रे जमिनीच्या एका रेघेवर उभी राहतात. नऊ ते बारा या वयात मात्र एक मोठा बदल होतो. मूल आपल्या चित्राची खऱ्या वस्तूशी आणि शेजाऱ्याच्या चित्राशी तुलना करू लागते. ही वये ढोबळ समजावीत. प्रत्येक मूल आपल्या चालीने जाते.

सात ते नऊ या अवस्थेतील चित्रे आपल्याकडून फार वेळा चुकीची ठरविली जातात, म्हणून तेथे थोडे थांबतो. या वयाचे मूल घर काढते तेव्हा भिंतीतून आतली चूल, उतरंड, पाळणा सारे दाखविते. भिंत आड येते हे त्याला कळत नाही असे नव्हे. घरात काय आहे हे त्याला सांगावयाचे असते, म्हणून ते भिंत बाजूला सारते. जे महत्त्वाचे ते मोठे काढते. एका शाळेत तिसरीतील मुलीने भाकरी करणारी आई काढली होती. आईचे हात तिच्या धडाहून लांब होते. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "भाकर तव्यावर टाकताना आईला चटका बसतो, म्हणून ती लांबूनच टाकती." या चित्रात प्रमाण चुकले असे म्हणून लाल शाईची फुली मारणे किती अन्यायाचे होईल, ते वाचकांनीच ठरवावे.

आता चौथी-पाचवीकडे येऊ. तुलना सुरू झाली की मुलास आपले चित्र अपुरे वाटू लागते. गाय काढावी तर ती गाढवासारखी दिसते, आणि शेजारचा मुलगा हसतो. या वेळी मुलापुढे दोन वाटा असतात. एक, ज्यावर कोणीही हसणार नाही असे पाठ केलेले चित्र काढणे. म्हणजे तेच दोन डोंगर आणि तोच सूर्य. दुसरी, 'मला चित्र येत नाही' असे म्हणून वही मिटणे. पहिली वाट आपल्या वह्यांतून दिसते आणि दुसरी आपल्या स्वतःच्या तोंडून ऐकू येते. मूल आणि गुरुजी दोघेही एकाच दारापाशी थांबलेले आहेत. फरक इतकाच की गुरुजींना तेथे थांबून तीस-चाळीस वर्षे झाली.

यावर उपाय म्हणून एखाद्या दिवसाचे प्रशिक्षण ठेवावे असे सुचविले जाते. प्रशिक्षणाचा उपयोग नाही असे मी म्हणणार नाही. पण भीती ही एका दिवसाच्या व्याख्यानाने जाणारी वस्तू नव्हे. पोहणे शिकणारा मुलगा काठावर बसून कितीही ऐको, तो रोज थोडा थोडा पाण्यात उतरल्याशिवाय त्याची भीती मोडत नाही. चित्राचेही तसेच आहे. म्हणून या लेखात एक लहानसा नेम सुचविला आहे : शिक्षकाने एक महिना रोज एक चित्र काढावे. मुलांसाठी नव्हे, भिंतीवर लावण्यासाठी नव्हे, प्रथम स्वतःसाठी.

असा नेम आजकाल जगात अनेक ठिकाणी हौसेने पाळला जातो. अमेरिकेतील जेक पार्कर नावाच्या चित्रकाराने २००९ साली ऑक्टोबर महिन्यात रोज एक शाईचे चित्र काढण्याचा संकल्प केला. पुढे देशोदेशींचे असंख्य लोक त्या महिन्यात तोच संकल्प करू लागले. जपानचा थोर चित्रकार होकुसाई याने १८४२-४३ या सुमारास, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, अरिष्टनिवारणाचा तोडगा म्हणून रोज एका सिंहाचे चित्र काढण्याचा परिपाठ ठेविला होता. त्यांतील दोनशेहून अधिक चित्रे आज उपलब्ध आहेत. कोणता सिंह नाचतो, कोणता पावसातून धावतो. विषय एकच, पण दिवस निराळा. आपल्या देशात रवींद्रनाथ ठाकूर साठी ओलांडल्यावर चित्रकलेकडे गंभीरपणे वळले. हस्तलिखितांत खोडलेल्या ओळींना आकार देता देता त्यांचा हात चित्राकडे गेला, आणि १९३० साली पॅरिस येथे त्यांच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. तेव्हा "आता या वयात काय" ही सबब फारशी टिकणारी नाही.

परंतु इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. महिनाभर रोज एक चित्र काढण्याचा नेम महाराष्ट्रातील बायकांना ठाऊक आहे, आणि त्याचे नाव चैत्रांगण. चैत्र शुद्ध तृतीयेस गौर बसते, तेव्हापासून अक्षय्य तृतीयेपर्यंत अनेक घरी अंगणात किंवा देवापुढे ही रांगोळी काढली जाते. मखरातील गौर, तिचा पाळणा, सूर्य-चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, कासव, नाग, मोर, गोपद्मे, आंबा, तुळशीवृंदावन अशी कितीतरी चिन्हे तिच्यात असतात. या चिन्हांचा धार्मिक अर्थ आपल्या विषयाच्या बाहेरचा आहे. हाताला काय घडते तेवढेच येथे पाहावयाचे आहे. पहिल्या दिवशी कासवाचे पाय वेडेवाकडे येतात. आठव्या दिवशी ते सरळ होतात. विसाव्या दिवशी कासव चालू लागते! हा फरक कोणी शिकविल्याने पडलेला नसतो, हात रोज त्या वळणावरून गेल्याने पडलेला असतो.

चैत्रांगणाहून साधी गोष्ट म्हणजे दारापुढील रोजची सडा-रांगोळी. चिमटीतून शिरगोळ्याची पूड सोडून पहाटे काढलेली ती नक्षी दुपारपर्यंत पायदळी जाते. कोंबड्या तिच्यावरून फिरतात, पोरे सायकल नेतात, आणि काढणारीस त्याचे काडीचेही दुःख होत नाही. उद्या पुन्हा सडा पडणार आहे, पुन्हा अंगण कोरे होणार आहे. मला वाटते, रांगोळी काढणाऱ्या बोटांत जी सहजता दिसते तिचे रहस्य या पुसले जाण्यातच आहे. जे टिकवावयाचे नाही, त्याच्या चुकीची भीती वाटत नाही. शाळेत आपण मुलास कोरा पांढरा कागद, नवी रंगपेटी देऊन 'नीट काढ, खराब करू नकोस' असे बजावतो. त्याच क्षणी त्याचा हात आखडतो. त्या दृष्टीने जुनी पाटी फार उपकारी होती. थुंकी लावून पुसली की झाले. आरोग्याच्या दृष्टीने थुंकीचे समर्थन करता येणार नाही, ओले फडके वापरावे.

येथे एक शंका कोणी घेईल. रांगोळीतही तीच चिन्हे, तेच ठिपके पुनःपुन्हा येतात. मग वहीतील दोन डोंगरांनी काय पाप केले? शंका योग्य आहे. नुसत्या आवृत्तीने हात तयार होतो, डोळा तयार होत नाही. हात मोकळा झाल्यावर तो रोजच्या जगण्याकडे वळला पाहिजे. हे वळण कसे असते, याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच राज्यात घडले आहे.

डहाणू तालुक्यातील गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांचे नाव शिक्षकांना ठाऊक असेल. वारली समाजात लग्नप्रसंगी घराच्या भिंतीवर देवीचा चौक काढण्याची प्रथा आहे. गेरूने किंवा शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचे पांढरे पाणी आणि बांबूची चघळून मऊ केलेली काडी, एवढेच साहित्य. हे काम सुवासिनींचे, आणि तेही लग्नाच्या निमित्तापुरते. मशे यांची आई त्यांच्या लहानपणीच वारली. त्या दुःखात हा मुलगा बोलेनासा झाला आणि मनातले सारे धुळीत बोटाने चित्रे काढून सांगू लागला, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. पुढे त्यांनी लग्नाच्या निमित्ताची वाट न पाहता रोज चित्रे काढावयास सुरुवात केली. एकदा चित्र रोजचे झाल्यावर विषय रोजचे येणे क्रमप्राप्तच होते : भाताची लावणी, मुंग्यांचे वारूळ, तारपा वाजविणाऱ्याभोवती फिरणारा नाच, मासे धरण्याचे जाळे. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्या जाणकारांमुळे ही चित्रे शहरी जगापुढे आली. २०११ साली मशे यांना पद्मश्री मिळाली, आणि २०१८ साली ते निवर्तले.

मशे यांच्या चित्रातील माणूस दोन त्रिकोणांचा असतो. एक उलटा, एक सुलटा, टोकाशी टोक लावलेले. वर एक गोल डोके आणि चार रेघांचे हातपाय. आपल्या वह्यांतील डोंगरही त्रिकोणाचाच आहे. आकार तोच असता एक चित्र निर्जीव आणि दुसरे सजीव का, याचा विचार प्रत्येक शिक्षकाने करून पाहावा. वारली चित्रातील त्रिकोण वाकतो, धावतो, ओझे उचलतो, कारण तो काढणाऱ्याने माणसाला वाकताना आणि ओझे उचलताना पाहिलेले असते. कौशल्य थोडे आणि पाहणे पुष्कळ, अशी ही विद्या आहे. म्हणूनच ती खेड्यातील शिक्षकाच्या आवाक्यातली आहे.

आता प्रत्यक्ष नेमाविषयी. वही विकत आणण्याची आवश्यकता नाही. शाळेत पाठकोरे कागद पुष्कळ साठतात. ते पोस्टकार्डाएवढे कापून, तीस पाने दोऱ्याने शिवावीत. कागद मोठा असला की मन धास्तावते, म्हणून पोस्टकार्डाचा आकार. साधी पेन्सिल किंवा बॉलपेन चालेल. खोडरबर मात्र महिनाभर कपाटात ठेवावे. चुकलेल्या रेघेशेजारीच दुसरी रेघ ओढावी, पहिलीही राहू द्यावी. वेळ पंधरा मिनिटे. पहाटे असो, परिपाठापूर्वी असो की रात्री जेवणानंतर. पण शक्यतो रोज तीच. वेळ कोठून आणावा हा प्रश्न मला कळतो. माहित्या भरणे, सर्वेक्षणे, बैठका यांनी शिक्षकाचा दिवस कसा कुरतडला जातो हे मी जवळून पाहतो. तरीही पंधरा मिनिटांहून अधिक वेळ भ्रमणध्वनीवर जातो हे आपण सर्वच जाणतो. भ्रमणध्वनीचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक पथ्य : त्याच्या पडद्यावरील चित्र पाहून चित्र काढू नये. ते चित्र दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्याने आधीच पाहून झालेले असते.

प्रत्येक पानावर तारीख घालावी. एखादा दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी दोन चित्रे काढून भरपाई करू नये. चुकलेल्या दिवसाचे पान कोरे सोडून पुढे जावे. भरपाईचा हिशेब सुरू झाला की नेमाचे रूपांतर थकबाकीत होते आणि थकबाकी वाढली की माणूस वहीच टाकून देतो. पहिले दहा दिवस वही कोणासही दाखवू नये, घरच्यांसही नाही. साधारणपणे सहाव्या-सातव्या दिवशी कंटाळा येतो, असा माझा आणि ज्यांनी हा नेम केला त्यांचा अनुभव आहे. पहिला उत्साह ओसरलेला असतो आणि हात अजून सुधारलेला नसतो. त्या दिवशी फार सोपी वस्तू घ्यावी. आगपेटीची काडी काढली तरी पुरे, पण पान कोरे सोडू नये.

पहिल्या आठवड्यात जवळच्या आणि न हलणाऱ्या वस्तू घ्याव्यात. कुलूप, तांब्या, खडूचा डबा, शाळेची घंटा, दारापाशी काढलेला चपलांचा जोड. वस्तू क्षुल्लक वाटतात, पण शाळेच्या ज्या कुलपास आपण वर्षानुवर्षे रोज हात लावतो त्याची कडी कोणत्या बाजूने सुटते हे न पाहता सांगता येईल का? काढावयास बसले की कळते, आपण पाहतो फार थोडे. पुढील आठवड्यात हलणारे विषय घ्यावेत. शेळीचे मागचे पाय कोठे वाकतात, तिच्या डोळ्यातील बाहुली उभी असते की आडवी, हे तिच्यासमोर बसून पाहावे. ती आडवी असते. नदीकाठी बगळा उडतो तेव्हा मान आखडून घेतो, आणि करकोचा मान पुढे ताणून उडतो. ही परिसर अभ्यासाची माहिती आहे असे कोणी म्हणेल. तशी ती आहेच, पण ज्याने दोन्ही पक्षी एकेकदा काढले तो ती विसरत नाही. उघड्या चिमट्यासारखा पक्षी मग त्याच्या हातून पुन्हा सहसा उतरत नाही.

तिसऱ्या आठवड्यात घराबाहेर पडावे. विष्णुपुरीच्या शिक्षकाला विषयांचा तोटा पडणार नाही. गोदावरीचा काठ, काळेश्वराचे मंदिर, बंधारा, त्याच्या भिंतीवर ओळीने बसलेले पक्षी, उपसा सिंचनाची नळवाहिनी, उसाने भरलेली गाडी, हळद शिजविण्याची कढई. बंधाऱ्याला दारे किती, असा प्रश्न गावातील मुलांना विचारून पाहावा. रोज पाहणारी मुलेही गडबडतात. एकदा काठावर बसवून चित्र काढावयास सांगितले की ती मोजू लागतात, वाद घालतात, पुन्हा मोजतात. गणिताच्या तासाला जे साधत नाही ते येथे आपोआप साधते. मुलांना नदीकाठी नेताना पाण्यापासून अंतर राखावे आणि सोबत दुसरे मोठे माणूस असावे, हे सांगावयास नकोच. चौथा आठवडा आठवणीवर सोपवावा. आपल्या लहानपणीची शाळा, आजोळचे घर, पहिल्या नेमणुकीचे गाव. स्मरणचित्र हे परीक्षेतील एक कलम म्हणून आपणास ठाऊक असते. ते स्वतःच्या आयुष्याला लावून पाहिल्यास निराळेच दिसते.

रंग हवेच असतील तर स्वयंपाकघर आणि शेत पुरेसे आहे. अजिंठ्याच्या चित्रकारांचे बहुतेक रंग गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी अशा साध्या वस्तूंचेच होते. निळा तेवढा परमुलखातून आलेल्या दगडाचा. आपण हळदीच्या मुलखात राहतो. हळदीचे पाणी पिवळा रंग देते, आणि त्यात चुन्याची निवळी घातली की तो लालभडक होतो. मुलांसमोर हा प्रयोग करावा. कुंकू याच गुणावर तयार होत असे. हळदीचा रंग उन्हात उडतो, हेही सांगावे. पळसाची फुले फाल्गुनात मिळतील, कोळसा बारमाही. बाभळीचा डिंक थोडा कालवला की रंग कागदास धरतो.

आता वर्गात काय करावयाचे ते सांगतो. शिक्षकाची दहा पाने झाली की अकराव्या दिवशी त्याने फळ्याचा उजवा वरचा कोपरा आखून घ्यावा आणि त्या दिवसाचे चित्र मुलांसमोर तेथे काढावे. घरी सराव करून येऊ नये. शेळी काढताना ती कुत्र्यासारखी दिसेल, मुले हसतील. हसू द्यावे, आपणही हसावे, आणि "हिचे कान चुकले वाटते, उद्या नीट पाहून येतो" असे म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा शेळीच काढावी. चौथी-पाचवीच्या मुलांना या दोन दिवसांत जे शिकावयास मिळेल ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. आपले चित्र फसले तरी मोठे माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा काढते, हे त्यांनी कदाचित प्रथमच पाहिलेले असते.

मग शेवटच्या तासाची पंधरा मिनिटे मुलांना द्यावीत. द्विशिक्षकी शाळेत दोन-तीन इयत्ता एकत्र बसतात; चित्रास त्याची अडचण नाही, उलट सोय आहे, कारण सर्वांना एकच विषय देता येतो आणि प्रत्येक जण आपल्या वयाप्रमाणे तो काढतो. पाटी असल्यास पाटी, नसल्यास फरशीवर खडू. आठवड्यातून एकदाच कागद. "हे काय काढलेस?" असे विचारू नये, त्यात न ओळखल्याचा ठपका असतो. "यात काय चाललं आहे, सांग" असे विचारावे आणि मूल जे वाक्य बोलेल ते त्याच्याच बोलीत चित्राखाली लिहून द्यावे. पहिली-दुसरीच्या मुलास आपले बोलणे अक्षरात उतरलेले दिसते, आणि ते वाचावयास ते आपणहून धडपडते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कलेचा इतर विषयांशी मेळ घालावा असे म्हटले आहे. तो मेळ याहून स्वस्तात घालता येईल असे मला वाटत नाही.

गुण देऊ नयेत. 'उत्तम', 'साधारण' असे शेरेही नकोत. चित्र पाहताना शिक्षकाने मनाशी एकच प्रश्न विचारावा : यात या मुलाने स्वतः पाहिलेले काही आहे का? असल्यास तेवढ्याचाच उल्लेख करावा. "म्हशीच्या पाठीवर बसलेला बगळा तू बरोबर पाहिलास" एवढे पुरे. डोंगर-सूर्याचे चित्र कोणी काढलेच तर त्यास मनाई करू नये. ते त्या मुलाचे आडोशाचे ठिकाण आहे. पंधरा दिवसांत ते आपोआप बाहेर येते. बाजारात मिळणारी छापील आकृतीत रंग भरण्याची पुस्तके मात्र मला मानवत नाहीत, आणि लोवेनफेल्ड यांचाही त्यांना स्पष्ट विरोध होता. कोणी दुसऱ्याने काढलेली रेघ ओलांडू नये, एवढेच ती शिकवितात. तीच गोष्ट आपल्या बोलक्या भिंतींची. त्या रंगाऱ्याकडून रंगवून घेतल्या जातात. शाळा देखणी दिसते, याबद्दल तक्रार नाही. पण मुलांच्या खांद्याएवढ्या उंचीचा एक पट्टा तरी गेरूने सारवून मोकळा ठेवावा. भिंतीला बोलावयाचेच असेल तर तिने गावच्या मुलांचे बोलावे.

नेम केव्हा सुरू करावा, याबद्दल माझी एक सूचना आहे. चैत्रात परीक्षांची धांदल असते. त्याऐवजी मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस आरंभ करावा. दिवाळीची सुटी संपून शाळा स्थिरावलेली असते, सकाळी हवा चांगली असते, रब्बीची ज्वारी वर आलेली असते. मार्गशीर्ष अमावास्येस तीस तिथी पुऱ्या होतात, आणि त्याच दिवशी नांदेड-लातूरकडे येळवस. शेतात कडब्याची कोप उभी राहते, आत पांडव मांडले जातात, आंबिलाचे मडके आणि भज्जी येते, अख्खा गाव शिवारात असतो. शेवटचे पान त्या दिवसासाठी राखून ठेवावे. वही खिशात घालून शेतात न्यावी आणि जेवणे आटोपल्यावर कोपीसमोर बसून तेथेच चित्र काढावे. मुले भोवती जमतीलच, त्यांनाही मागील पानांचे तुकडे द्यावेत. पेन्सिल विसरली तर अडणार नाही. आंबील तापविलेल्या चुलीत कोळसा सापडेल.